पोटदुखीचे निमित्त

सोमवारची सकाळ. घड्याळात सव्वासहा वाजलेले. डबा भरून झाला आहे, पाण्याची बाटली दप्तराच्या कप्प्यात गेली आहे, स्कूलबस यायला जेमतेम वीस मिनिटे आहेत आणि सहावीतला मुलगा पांघरुणातून तोंडही बाहेर न काढता म्हणतो, "आई, पोटात दुखतंय. आज शाळेत नको." आई कपाळाला हात लावून पाहते. ताप नाही. बाबा दाढी करता करता आतूनच ओरडतात, "काही दुखत-बिखत नाही. नाटकं आहेत सगळी. काल रात्री आइस्क्रीम खाताना बरं दुखलं नाही!" मग ओव्याची चिमूट, थोडी रडारड, थोडा धाक आणि अखेर बस. दुपारी मुलगा घरी येतो तेव्हा पोट अगदी ठणठणीत. बाबांचे निदान खरे ठरते. नाटकच होते!

हा प्रवेश ज्यांच्या घरी कधीच झाला नाही असे पालक थोडेच असतील. प्रस्तुत लेखकाच्या घरी तो सलग पाच आठवडे चालू होता, आणि दाढी करता करता ओरडणारा बाप मीच होतो. मुलगी तेव्हा सातवीत होती. आमच्याकडचे दुखणे सोमवारचे नव्हते, बुधवारचे होते. ते बुधवारचे आहे एवढे लक्षात यायलाच आम्हा दोन शिकल्यासवरल्या माणसांना महिना लागला. दरम्यान डॉक्टर झाले, जंताचे औषध झाले, बाहेरचे खाणे बंद झाले. शेवटी एके रात्री तिच्या आजीने सहज विचारले, "बुधवारी पहिला तास कशाचा असतो गं?" आम्ही भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे पाहिले. पहिला तास गणिताचा. दर बुधवारी चाचणीच्या वह्या परत मिळायच्या. बाई एकेकाचे नाव आणि गुण मोठ्याने वाचायच्या, आणि दहाच्या आतल्यांनी तास संपेपर्यंत उभे राहायचे. मुलीने आम्हाला सांगितले नव्हते असे म्हणता येणार नाही. ती तिच्या परीने दर बुधवारी सांगत होती. आम्ही तिला ओवा देत होतो.

खरे तर आपल्या भाषेला ही गोष्ट फार आधीपासून ठाऊक आहे. भीती वाटली की आपल्या पोटात गोळा येतो, दुसऱ्याचे दुःख पाहून पोटात तुटते, आपल्या माणसाची चूक आपण पोटात घालतो, आणि जो मनापासून बोलतो तो पोटतिडकीने बोलतो. मन पोटात राहते हे ज्या भाषेने इतक्या परींनी सांगितले, त्या भाषेतली माणसे मुलाच्या पोटदुखीला मात्र निमित्त म्हणतात.

वैद्यकशास्त्रालाही हे नवे नाही. जॉन अ‍ॅप्ली या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने १९५८ मध्ये एक हजार शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. साधारण दर दहा मुलांमागे एकाला वारंवार पोटदुखी होत होती, म्हणजे तीन महिन्यांत किमान तीनदा आणि रोजच्या व्यवहारात खंड पडेल इतकी. यातल्या बहुतेकांच्या शरीरात शोधूनही रोग सापडत नाही, हा तेव्हापासूनचा अनुभव. अ‍ॅप्लींचा एक आडाखा आजही डॉक्टर विद्यार्थ्यांना सांगतात : दुखणे बेंबीपासून जितके दूर, तितकी शारीरिक कारणाची शक्यता अधिक. अर्थात हा आडाखा डॉक्टरांसाठी आहे, घरी बसून निदान करण्यासाठी नाही. मूल दुखण्याने रात्री झोपेतून उठत असेल, वजन घटत असेल, ताप, सततच्या उलट्या किंवा शौचावाटे रक्त असेल, तर मनाचा विचार बाजूला ठेवून आधी दवाखाना गाठावा.

पण तपासण्या स्वच्छ आल्या म्हणजे दुखत नाही असा अर्थ निघत नाही. आतड्यांच्या भिंतीत मज्जापेशींचे स्वतःचे दाट जाळे असते आणि मेंदूशी त्याचे येणेजाणे अखंड चालू असते. भीतीने आतड्यांची हालचाल बदलते, एरवी जाणवू नये ते जाणवू लागते. मुलाचे पोट खरोखरच दुखते. शाळा चुकली की थांबते तेही खरेच, कारण भीतीच संपलेली असते. दुपारी ठणठणीत झालेल्या पोटाचा बाबांनी जो पुरावा मानला, तो नाटकाचा पुरावा नव्हताच.

पोट ही एक भाषा झाली. कुणाचे डोके दुखते, कुणी नखे कुरतडते, थांबलेले अंथरूण ओले होणे पुन्हा सुरू होते. मोठी मुले पोटदुखी सांगत नाहीत, ती दार लावून घेतात. चिडचिड वाढते, मित्र गळतात, जेवण आणि झोप बिघडते, आवडता खेळ सुटतो. आपण म्हणतो, "वयच आहे असं." कधी ते वयच असते. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार मोठ्या माणसांतल्या निम्म्या मानसिक विकारांची सुरुवात चौदाव्या वर्षाच्या आत झालेली असते, आणि दहा ते एकोणीस या वयातल्या दर सात मुलामुलींमागे एकाला कोणता ना कोणता मानसिक विकार असतो. आपल्याकडच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात तेरा ते सतरा या वयोगटात हे प्रमाण ७.३ टक्के निघाले. साठ मुलांच्या वर्गात चार. प्रत्येक वर्गात, प्रत्येक वर्षी.

आता मुलांना कशाची भीती वाटते, ते पाहू. आपल्या पिढीला दहावीचा निकाल म्हणजे काय ते आठवत असेल. पेढे, गुणवत्ता यादी, वर्तमानपत्रात पहिल्या पानावर आईवडिलांच्या मध्ये उभे राहिलेले सोळा वर्षांचे विजयी वीर. मंडळाने ती यादी पुढे बंद केली आणि ते चांगलेच झाले. पण यादी मंडळाने बंद केली, समाजाने नाही. ती आता चौकातल्या फ्लेक्सवर असते. क्लासच्या मालकाचा फोटो मोठा आणि त्याखाली टपाल तिकिटाएवढी मुलांची तोंडे, प्रत्येकाच्या हनुवटीखाली टक्केवारी. आणि ती घरोघरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असते. दुपारी एकला निकाल लागतो आणि सव्वाएकला नाशिकच्या आत्याने तिच्या मुलाची गुणपत्रिका सगळ्या गोतावळ्यात फिरवलेली असते. ज्याला बासष्ट टक्के पडले तो पोरगा आतल्या खोलीत बसून त्या ग्रुपवर पडणारे अंगठे आणि फुले मोजत असतो. आत्याला यात काही वावगे दिसत नाही. तिचा आनंद खराच आहे. पण गुणवत्ता यादीत नाव नसलेल्या मुलाला पूर्वी निदान हे तरी माहीत असे, की यादीतली मुले कुठली कोण, परकी आहेत.

तुलना हे मराठी मध्यमवर्गाचे घरगुती औषध आहे. कशावरही चालते. "शेजारच्या पोरीला बघ" हे वाक्य आपण ऐकत मोठे झालो, आणि ते वाक्य आपल्याला किती टोचायचे हे पक्के आठवत असूनही तेच पुढे चालवतो. का? कारण आपणही घाबरलेले असतो. नोकरी टिकेल का, घराचा हप्ता, पोराचे पुढे कसे होणार. बापाच्या पोटातला गोळा मुलाच्या पोटात उतरतो, एवढेच. या लेखाचा रोख पालकांवर आहे असे कुणाला वाटत असेल तर ते अर्धेच खरे आहे. वाईट पालक फार थोडे असतात. धास्तावलेले पुष्कळ असतात.

ही धास्ती उघड्यावर पाहायची असेल तर लातूरला जावे. 'लातूर पॅटर्न'चे कौतुक महाराष्ट्राने अनेक वर्षे केले आणि त्यात मेहनत आहे हे नाकारण्याचे कारण नाही. नांदेड, परभणी, बीड, धाराशिवकडची मुले पंधरा-सोळाव्या वर्षी तिथे खोली घेऊन राहतात. मेसचा डबा, अभ्यासिका, दर आठवड्याची चाचणी आणि तिचा क्रमांक. काही घरांतून आई पोरासोबत येते, दोन वर्षे भाड्याच्या खोलीत स्टोव्ह मांडते आणि बाप गावाकडे एकटा शेती बघतो. कुणी कर्ज काढलेले असते, कुणी एकर-दीड एकर विकलेले असते. मुलाला हे कुणी ऐकवत नाही, पण त्याला ते पैशासकट ठाऊक असते. २०२४ मध्ये 'नीट' परीक्षेला देशभरात तेवीस लाखांहून अधिक मुले बसली. एमबीबीएसच्या जागा एक लाखाच्या थोड्या वर. म्हणजे उत्तम शिकवणी, उत्तम मेस आणि आईचा त्याग या सर्वांसकट वीस-बावीस मुलांतल्या एकाला जागा मिळणार हे गणित आधीच ठरलेले आहे. उरलेल्यांना आपण नापास म्हणतो. गणिताला नापास म्हणायला हवे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी स्वतःचे आयुष्य संपवले. राज्यांच्या यादीत महाराष्ट्र पहिला होता. या यादीत पहिले येण्याचे पेढे कुणी वाटले नाहीत, पण फारसे कुणी बोललेही नाही. इतक्या गुंतागुंतीच्या गोष्टीला एकच कारण चिकटवणे चुकीचे आहे. परीक्षा हे अनेकदा शेवटचे निमित्त असते, मागे कितीतरी साठलेले असते. पण एक गैरसमज मात्र काढून टाकला पाहिजे. मुलाला "तुला कधी जगणं नको असं वाटतं का?" असे विचारले तर त्याच्या डोक्यात नसलेले घुसेल, ही भीती निराधार आहे. विचारल्याने तो विचार रुजत नाही, उलट बोलायला वाट मिळते, असे या क्षेत्रातले जाणकार सांगतात. उत्तर "हो" आले तर व्याख्यान द्यायचे नाही. ऐकून घ्यायचे, त्याला एकटे सोडायचे नाही आणि त्याच दिवशी जाणकाराकडे जायचे. 'टेलि-मानस' ही सरकारी दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, चोवीस तास, विनामूल्य, मराठीतही. अडचणीतल्या मुलांसाठी १०९८ आहे. हे दोन आकडे गॅसच्या नंबराशेजारी लिहून ठेवायला काहीच हरकत नाही.

शाळेकडे वळू. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या सतराव्या कलमाने मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी आहे. छडी बऱ्याच प्रमाणात गेली. तिची जागा जिभेने घेतली, आणि जिभेचे वळ दिसत नाहीत म्हणून तक्रारही होत नाही. गुण मोठ्याने वाचणे, 'ढ' मुलांचा वेगळा बाक, बोलण्यात अडखळणाऱ्या मुलाची नक्कल, आणि सर्वांत लाजिरवाणी गोष्ट म्हणजे फी थकली म्हणून भर वर्गात नाव पुकारणे. फी बापाने भरायची असते. मान मुलाने खाली घालायची.

तरीही शिक्षकांवर सगळे ढकलणे सोपे आहे म्हणूनच टाळले पाहिजे. मुलीच्या त्या गणिताच्या बाईंना मी जाऊन भेटलो. भांडायच्या तयारीनेच गेलो होतो. बाई दोन तुकड्यांच्या एकशे तीस वह्या घेऊन शिक्षकखोलीत बसल्या होत्या. निवडणुकीच्या मतदारयादीचे काम त्याच आठवड्यात अंगावर आलेले. त्या आधी चिडल्या, मग गप्प झाल्या आणि म्हणाल्या, "आमच्या वेळी असंच वाचायचे हो गुण. कुणी घाबरतं हे मला कुणी सांगितलंच नाही." पुढच्या बुधवारपासून वह्या पालथ्या घालून बाकावर मिळू लागल्या. एवढेच झाले. कोणतीही योजना नाही, निधी नाही, परिपत्रक नाही. कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवी तीस मुलांमागे एक आणि सहावी ते आठवी पस्तिसामागे एक शिक्षक हवा. साठ-पासष्ट मुलांसमोर उभ्या असलेल्या माणसाकडून प्रत्येकाचा चेहरा वाचण्याची अपेक्षा ठेवायची आणि वर त्याला खिचडीचा हिशेब आणि ऑनलाइन माहिती भरायला बसवायचे, हा अन्याय शिक्षकावर आहे आणि तो झिरपत मुलापर्यंत जातो.

कोरोनाने यात भर घातली ती वेगळीच. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि राज्यातल्या पुष्कळ लहान मुलांनी जवळजवळ दोन वर्षे वर्गाचे दार पाहिले नाही. बाकावर सरकून जागा करणे, भांडणे, कट्टी आणि बट्टी, हे सगळे ज्या वयात आपोआप शिकले जाते ते वय पडद्यासमोर गेले. आज माध्यमिक शाळेत दिसणाऱ्या कित्येक 'हट्टी' आणि 'एकलकोंड्या' मुलांचा हा इतिहास त्यांच्या प्रगतिपुस्तकात कुठेच लिहिलेला नाही.

काही बदल झाले, ते नोंदवले पाहिजेत. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश राज्य सरकारने २०२४ मध्ये काढला. त्यावर पुष्कळ चेष्टा झाली. दोन पाळ्यांच्या शाळांची आणि बसगाड्यांची अडचण खरी आहे. पण सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रोज नऊ ते बारा तास आणि किशोरवयात आठ ते दहा तास झोप लागते. आपल्याकडे रात्रीचे जेवणच साडेनऊला होते. पाचला उठवलेले मूल चिडके, विसराळू आणि रडवे झाले तर त्याला समुपदेशनाआधी उशी द्यावी! आदेश चौथीपर्यंतच थांबला, हे मात्र समजत नाही. झोपेची खरी ओढाताण तर त्यानंतर सुरू होते.

दुसरी घटना मोठी. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी देशभरच्या शिक्षणसंस्थांना आणि क्लासेसना पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यावे, गुणांवरून मुलांच्या वेगळ्या तुकड्या पाडू नयेत, चारचौघांत पाणउतारा करू नये. वाचताना बरे वाटले आणि लगेच शंकाही आली. आपल्या देशात लाख लोकसंख्येमागे एकसुद्धा मानसोपचारतज्ज्ञ पडत नाही. इतके प्रशिक्षित समुपदेशक येणार कुठून? चित्रकलेच्या रिकाम्या शिक्षकाला दोन दिवसांचे शिबिर देऊन दारावर पाटी लागेल, अशी भीती आहे. आणि समजा खरा समुपदेशक आला, तरी वर्गात तोच बाक, तीच वाचलेली यादी, घरी तोच आत्याचा ग्रुप असेल, तर तो बिचारा काय करणार? फुटक्या छताखाली बादली ठेवण्यापलीकडे त्याचे काम जाणार नाही. बादली हवीच. पण कौले कोण शाकारणार?

यासाठी फार लांब पाहावे लागत नाही. नूतन बालशिक्षण संघाची स्थापना १९२६ची. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक या मंडळींनी त्या काळात शिक्षा तर नाकारलीच, पण बक्षीसही नाकारले. एकाला बक्षीस म्हणजे बाकीच्यांना न बोलता दिलेली शिक्षा, एवढे त्यांना दिसत होते. पुढे कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी 'कुरणशाळा' चालवली. वारली मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणावर न्यायची. मूल शाळेत का येत नाही हा प्रश्न त्यांनी मुलाला दटावून विचारला नाही, शाळेला विचारला. शंभर वर्षे होत आली. आपण अजून मुलालाच ओवा देतो आहोत.

घरी काय करता येईल, असे विचारणारे पत्र या पानावर हमखास येते. मोठे काही नाही. दारातून आत येणाऱ्या मुलाला "किती मिळाले?" याच्याऐवजी पहिले वाक्य दुसरे कोणतेही चालेल, "भूक लागली का?" हे उत्तम. जेवताना मोबाइल खाली ठेवायचा, आपलासुद्धा. मुलगे रडले तर "मुलगा असून रडतोस?" म्हणायचे नाही. मूल सांगू लागले की मधेच उपाय सांगायची घाई करायची नाही, हे सर्वांत कठीण. मला अजून जमलेले नाही. आणि घरातले एखादे वडीलधारे माणूस, ज्याला मुलाच्या गुणांशी काही देणेघेणे नाही, ते जवळ असेल तर मुलाला त्याच्यापाशी रिकामे बसू द्यावे. आमच्याकडे वेळापत्रक आजीने वाचले, ते उगाच नाही.

आणि यंदा शाळेत पहिली पालकसभा होईल तेव्हा, गणवेशाचे दुकान आणि सहलीची वर्गणी हे विषय संपल्यावर, कुणीतरी उठून मुख्याध्यापकांना दोन-तीन साध्या गोष्टी विचाराव्यात. आपल्या शाळेत समुपदेशक आहेत का? कोणत्या वारी, किती वेळ बसतात? मूल स्वतःहून गेले तर घरी किंवा वर्गशिक्षकांना कळवले जाते का, कधी आणि किती? त्यांची खोली कुठे आहे? ती मुख्याध्यापकांच्या खोलीला लागून असेल, आणि बाहेरच्या बाकावर बसलेले मूल येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्या शाळेला दिसत असेल, तर ती खोली आधी हलवून घ्यावी.